पाणी गार, भिंत गरम

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, चार तोंडांचा. मित्रांनो, हसू नका. तुम्हाला एकच तोंड असून तुम्ही वर्गात किती बोलता, ते तुमच्या बाईंना विचारा! माझ्या एका तोंडाने गरम पाणी आत येतं आणि उरलेल्या तीन तोंडांपैकी एकातून ते पुढे जातं. डोक्यावर एक लांब लोखंडी दांडा आहे. तो जिकडे वळवाल तिकडे पाणी जातं. दिशा ओळखता याव्यात म्हणून तीन रंगांच्या खुणा केल्या आहेत: लाल, निळी आणि पांढरी. एवढीच माझी विद्या. पण स्वभाव भारी चौकस. कोण आलं, कोण गेलं, कोण कुणावर रागावलं आणि का, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तळघरात एका जागी खिळून बसलेल्याला दुसरा उद्योग तरी काय?

माझा जन्म एका फाउंड्रीत झाला. वितळलेलं पितळ वाळूच्या साच्यात ओतलं, निवू दिलं, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. तेव्हा मी इतका खडबडीत होतो की माझा मलाच राग यायचा. मग लेथवर चढवून मला घासलं, पुसलं, आटे पाडले. शेवटी आतून पाण्याचा जबरदस्त दाब देऊन पाहिला. एक थेंब गळला नाही. तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाळा, नाव काढ." ती माझी पहिली शाबासकी. नंतर खोक्यात बसून, ट्रकमधून हादरे खात मी या इमारतीत आलो.

ही इमारत म्हणजे एक रुग्णालय आहे, पण सर्दी-खोकल्याचं नाही. ज्यांचा पाय मोडला आहे, ज्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आहे, अशा माणसांना इथे पुन्हा उभं राहायला आणि चालायला शिकवतात. वरच्या मजल्यांवर खोल्या आहेत. तळमजल्यावर कोमट पाण्याचा एक मोठा हौद आहे. जमिनीवर ज्यांचं पाऊल उचलत नाही, ते लोक त्या पाण्यात हळूहळू चालतात. पाणी अंगाचा भार उचलतं आणि ऊब आखडलेले स्नायू सैल करते. आणि हौदाच्या बरोबर खाली, तळघरात, आम्ही.

आम्ही म्हणजे कोण? तर गॅसवर चालणारं एक इंजिन, गारव्याचं एक यंत्र, आणि दोघांच्या मध्ये मी. इंजिन इमारतीसाठी वीज तयार करतं. पण वीज करताना ते सडकून तापतं. एरवी अशा इंजिनाचा ताप लोक हवेत सोडून देतात आणि मोकळे होतात. आम्हाला बसवायला आलेले चष्मेवाले इंजिनिअर मात्र म्हणायचे, "ताप फुकट घालवायचा नाही. त्याला कामाला लावायचं." म्हणून तो ताप घेऊन पाणी माझ्याकडे येई. लाल खुणेकडे वळवलं तर ते हौदाला ऊब देऊन परत येई. निळ्या खुणेकडे वळवलं तर गारव्याच्या यंत्राकडे जाई आणि वरच्या खोल्या थंड होत. आणि दोघांनाही गरज नसेल, तेव्हाच पांढऱ्या खुणेकडे, म्हणजे गच्चीवरच्या मोठ्या जाळीकडे. मोटारीच्या पुढे असते तशीच ती जाळी, फक्त दारापेक्षा मोठी. तिथे पंखे लावून पाण्याचा ताप आकाशात उडवून द्यायचा. एकाच गॅसवर वीज, ऊब आणि गारवा. ऐकूनच मी हरखून गेलो होतो.

पण उष्णतेपासून गारवा कसा होतो बुवा? हा प्रश्न मला पडला, तसा इथल्या एसीवाल्यांनाही पडला. वरच्या खोल्यांचा थंडावा त्यांच्या हाती, म्हणून सगळे त्यांना गारवादादा म्हणत. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, चुलीवर बर्फ करून दाखवताय होय!"

चष्मेवाले हसले. म्हणाले, "दादा, दमट हवेत मिठाला पाणी सुटतं ना? मीठ हवेतली वाफ ओढून घेतं. या यंत्रात तसंच एक हावरट मीठ आहे. आत पाणी असतं, त्याची वाफ ते सारखं ओढत राहतं. पाण्याची वाफ झाली की मागे गारवा राहतो, ओलं कापड कपाळावर ठेवल्यासारखा. पण मीठ पिऊन पिऊन ओलंचिंब झालं की त्याची हाव संपते. मग त्याला वाळवायला काय लागतं?"

"ऊन," गारवादादा म्हणाले.

"आपल्याकडे ऊन नाही, इंजिनाचा ताप आहे. तो मिठाला वाळवतो आणि मीठ पुन्हा हावरट होतं. झालं!"

गारवादादांनी मान डोलावली, पण भुवई काही खाली आली नाही. मला मात्र ते मीठ फार आवडलं.

एवढं सगळं जमलं, आणि पहिल्याच पावलाला गाडं अडलं. वीज कंपनीचे अधिकारी आले. रस्त्यावरची वीज आणि आमची वीज एकाच तारेत नांदणार कशी, असं त्यांनी विचारलं. रस्त्यावर वीज बंद करून आमचा माणूस खांबावर चढला आणि तुमच्या इंजिनाने मागून वीज सोडली तर? प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून एक पेटी बसवायची होती, आणि ती पेटी तपासायला यायचे होते तेच अधिकारी. ते काही येईनात. नवं कोरं इंजिन किती तरी महिने अंगावर ताडपत्री घेऊन बसून राहिलं. मला वाटे, याला धक्का मारून उठवावं. पण मला हात नाहीत.

अखेर परवानगी मिळाली आणि आम्ही सुरू झालो. काय दिवस होते ते! सकाळी लोक हौदात उतरायचे, तेव्हा माझा दांडा लाल खुणेवर. दुपारी खोल्या तापायच्या, तेव्हा निळ्यावर. चष्मेवाले स्वतः येऊन दांडा फिरवत आणि जाताना माझ्यावरची धूळ फडक्याने पुसत. लोक आम्हाला बघायला येऊ लागले. हॉटेलवाले आले, घरं बांधणारे आले, शाळेच्या इमारतीचे विश्वस्त आले. सगळे "वा, वा!" म्हणत, चहा पीत आणि आपल्याकडे असं काही न बसवता निघून जात. मला याचं फार कुतूहल वाटे. कान देऊन ऐकायचो. घरं बांधणारा म्हणे, "खर्च करायचा मी, आणि बिल कमी येणार पुढे राहायला येणाऱ्याचं. मला काय मिळणार यातून?" हॉटेलवाला म्हणे, "बिघडलं तर हात कोण लावणार? साधे एसीवाले गल्लोगल्ली आहेत. याचा जाणकार शोधायला मी कुठे वणवण करू?" विश्वस्तबाई म्हणत, "सुट्टीत शाळा बंद, मग तेव्हा तुमचा ताप कुणाला देऊ?" एकेकाचं ऐकलं की पटायचं. म्हणूनच मला ते कोडं आणखी गहन वाटायचं.

मग चष्मेवाल्यांना दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. जाताना ते इथल्या तिघांना सगळं समजावून गेले. गारवादादा तुम्हाला माहीत आहेतच. दुसरे बंबमामा, हौदाचं आणि न्हाणीघरांचं गरम पाणी सांभाळणारे. जीभ तिखट, पण मनाने लोणी. तिसरे फ्यूजकाका. इमारतीची वीज आणि इंजिन त्यांच्याकडे. कुठे दिवा मिणमिणला तरी काकांच्या काळजात धस्स होई. तिघेही आपापल्या कामात पक्के होते. फक्त एकच गोष्ट राहून गेली. इंजिन काकांचं, हौद मामांचा, गारव्याचं यंत्र दादांचं. पण मी कुणाचा, हे कुणी ठरवलंच नाही.

आणि तिथेच माशी शिंकली. एका दुपारी हौदाचं पाणी निवायला लागलं म्हणून मामांनी मला लालकडे वळवलं. वर खोल्यांमध्ये आजारी माणसं घामाघूम! दुसऱ्या दिवशी दादा पहाटेच येऊन मला निळ्याकडे वळवून गेले. हौदात उतरलेल्यांचे दात वाजायला लागले. मग सुरू झाली चढाओढ. एक वळवून गेला की दुसरा येऊन उलट वळवी. दोघेही मला दिवसातून इतक्या वेळा गरगर फिरवत की मला भोवळ यायची. एकदा दोघे एकाच वेळी आले. एक इकडे ओढतोय, दुसरा तिकडे. दांडा भलत्याच जागी अडकला, पाणी कोंडलं, इंजिन तापून बंद पडलं आणि अख्ख्या इमारतीत अंधार झाला. नेमक्या त्याच वेळी लिफ्टमध्ये होत्या रुग्णालयाच्या व्यवस्थापक. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

लिफ्टमधून बाहेर काढल्यावर मोठ्या बाई थेट तळघरात आल्या. केस विस्कटलेले, आवाज चढलेला. "कोणीही याला हात लावायचा नाही! पांढऱ्यावर ठेवा. तात्पुरतं. मी ठरवेन काय करायचं ते."

फ्यूजकाकांना हायसं वाटलं, कारण पांढऱ्यावर असलं की त्यांचं इंजिन कधी कोंडत नसे. पण मामांना दादांचा भरवसा नव्हता आणि दादांना मामांचा. मामांनी साखळी आणून माझ्या दांड्याला बांधली आणि आपलं कुलूप ठोकलं. ते पाहून दादांनी दुसरी साखळी आणली, वर आपलं कुलूप. काकांनी विचार केला, या दोघांची दिलजमाई झाली तर माझं इंजिन पुन्हा मरेल. तिसरी साखळी, तिसरं कुलूप. आता तिन्ही कुलपं उघडल्याशिवाय मी हलणं शक्य नव्हतं. लग्नातल्या नवरीसारखा मी नखशिखान्त सजलो होतो, पण जाणार कुठेच नव्हतो.

मित्रांनो, ते तात्पुरतं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. मोठ्या बाईंच्या मागे हजार कामं. मामांनी हौदासाठी बॉयलर आणला, तो वेगळा गॅस खाऊ लागला. दादांनी गच्चीवर विजेवर चालणारी थंडाव्याची यंत्रं बसवली, ती वीज पिऊ लागली. आणि इंजिनाचा सगळा ताप माझ्या पांढऱ्या तोंडातून गच्चीवर, तिथून आकाशात. गच्ची मी कधी पाहिली नाही. पण पाणी वर जाऊन परत येतं ना, ते सगळ्या बातम्या आणतं. त्याने मला सांगितलं की दादांची नवी यंत्रं जाळीच्या अगदी शेजारी बसवली आहेत. जाळी त्यांच्या तोंडावर गरम वारा फेकते आणि ती बिचारी धापा टाकत खोल्या थंड करतात. दादा म्हणतात, काय हा उन्हाळा! ऐकून मला हसावं की रडावं कळेना. खाली आम्ही गॅस जाळून ताप तयार करायचा आणि वर वीज जाळून त्याच तापाशी भांडायचं. गारव्याचं यंत्र गप्प बसून राहिलं. त्याच्या पोटातलं मीठ एकाच जागी थिजून गेलं. माझ्या दांड्यावर गंज चढला आणि अंगावर चुना आणि धूळ साठली.

मग एक दिवस बाहेरून तपासनीस आले. त्यांनी आकडे पाहिले आणि सांगितलं की हे इंजिन परवडत नाही. खोटं नव्हतंच ते. अर्ध्याहून जास्त कमाई आकाशात उडवून देणारा माणूस कुणाला परवडेल? ठरलं, की इंजिन, गारव्याचं यंत्र आणि मी, तिघांनाही भंगारात द्यायचं. बॉयलरही आता कुरकुरत होता, हौदाचं पाणी पुरतं तापवेना. म्हणून हौद बुजवायचा आणि तिथे सामानाची खोली करायची.

मी भंगारात जायला घाबरलो नाही, असं म्हणणार नाही. घाबरलोच. पण माझ्यापेक्षा जास्त कुणाचं नुकसान होणार होतं, ते आता सांगतो.

हौदात व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याकडे एक शिंपीबाबा येत. आयुष्यभर पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर बसलेला माणूस. झटका आला आणि डावी बाजू गेली. ताईंनी त्यांना हौदात कठडा धरून उभं केलं आणि पाण्यातच मशीनचा पायटा, म्हणजे खालची पायफळी, मारल्यासारखे पाय हलवायला लावले. कोमट पाण्यात तो डावा पाय थोडा थोडा ऐकू लागला होता. पण पाणी गार झालं की तो पुन्हा लाकूड व्हायचा. बाबा म्हणत, "घरी सुनेने मशीनवर कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केलीय. उद्या उशा ठेवेल, परवा विकून टाकेल. मला घाई आहे, ताई." हौद बंद झाला असता तर बाबा चाकाच्या खुर्चीतून घरी गेले असते आणि खुर्चीतच राहिले असते. दुसरा कोमट हौद आसपास कुठेही नव्हता.

हौदाकडे जाणाऱ्या बोळात, जिन्याजवळ, भिंतीचा एक पट्टा नेहमी गरम असतो. रुग्ण आपली पाळी येईपर्यंत तिथे पाठ टेकून शेकत बसतात. ती जागा मिळावी म्हणून भांडणंही होतात. त्या दिवशी हौदातून कुडकुडत बाहेर आलेले बाबा त्या भिंतीला टेकले आणि म्हणाले, "ताई, एक विचारू? पाणी गार आणि भिंत गरम, असं कसं हो?"

एवढे लोक रोज त्या भिंतीला पाठ लावत होते, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ताईंनी भिंतीवर हात फिरवला. गरम पट्टा वर छताकडे जात होता आणि खाली तळघराकडे. त्या पट्ट्यामागे माझाच पाइप होता, गच्चीकडे जाणारा. हात लावत लावत ताई जिना उतरल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. तीन साखळ्या आणि तीन कुलपं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! हा काय चोरी करणार होता की काय?"

इंजिनापाशी फ्यूजकाका होते. ताईंनी लाल खूण दाखवून विचारलं, "काका, हे इकडे वळवलं तर हौद तापेल?"

"तापेल की. धो धो तापेल."

"मग वळवत का नाही?"

"माझी काही हरकत नाही हो. आत्ता काढतो कुलूप. पण मामा काढणार नाहीत."

ताई मामांकडे गेल्या. मामा म्हणाले, "मी तर एका पायावर तयार आहे. पण तो दादा महाआडमुठा." ताई दादांकडे गेल्या. दादा म्हणाले, "आधी त्यांना काढू दे. मी कशाला पुढे होऊ?" ताई परत काकांकडे आल्या. असं तीन वेळा वर-खाली झालं. तिघेही तयार, आणि कुलपं जागच्या जागी! मला तर प्रश्नांनी भंडावून सोडलं. आढ्यता असेल म्हणावं, तर मामा ताईंना बघून वाट बदलू लागले होते. राग असेल म्हणावं, तर दादांचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता, चोरट्यासारखा होता.

भंगारवाला येणार त्या दिवशी सकाळीच ताई बाबांना खुर्चीत बसवून लिफ्टने तळघरात घेऊन आल्या आणि तिघांनाही बोलावून घेतलं. बाबा माझ्यासमोर ठाण मांडून बसले. म्हणाले, "मला तुमचं यंत्र-बिंत्र कळत नाही. पण गिऱ्हाइकाला उद्या या, उद्या या, असं कोण सांगतं ते मला माहीत आहे. ज्याने कापड हरवलेलं असतं तो. काय हरवलंय, बोला."

मग मामांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि मान खाली घातली. "किल्ली. लावली त्याच वर्षी हरवली. सांगायचं कुणाला? या दादाने गावभर केलं असतं."

दादा आधी खो खो हसले. मग एकदम थांबले. "माझीही नाहीये," ते पुटपुटले. "एसीच्या जुन्या डब्यात होती. तो डबाच भंगारात गेला."

फ्यूजकाकांनी अभिमानाने कमरेचा जुडगा काढला. "माझी बघा, जपून ठेवलीय!" किल्ली कुलपात घातली. आत जाईना. उलटी घातली, फुंकर मारली, पुन्हा घातली. ताईंनी जवळून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, ही सायकलच्या कुलपाची आहे." काका इतकी वर्षं ती तेल लावून जपत होते!

मित्रांनो, मी थक्क झालो. मला वाटायचं मोठी माणसं मोठ्या कारणांसाठी अडतात. इथे हौद गार पडला होता, मीठ थिजलं होतं, एका माणसाचा पाय जायची वेळ आली होती, आणि कारण काय, तर चारचौघांत फजिती नको!

तेवढ्यात भंगारवाला दारात आला. त्याच्याजवळ साखळ्या तोडायची मोठी कात्री होती. ताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माल देणार नाही तुम्ही? बरं, निदान साखळ्या तरी माझ्या." कटाकट त्याने तिन्ही साखळ्या तोडल्या आणि पोत्यात टाकल्या.

आता सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मामांनी दांडा धरून जोर लावला. मी हललो नाही. दादा येऊन मिळाले. तरी नाही. खरं सांगतो, मी मुद्दाम अडलो नव्हतो. इतकी वर्षं एका जागी बसून आतून चुन्याने आवळून गेलो होतो. मला भयंकर भीती वाटली. जोर जास्त झाला तर मी तडकणार, आणि तडकलो तर पोत्यात जाणार. समोर बाबा बसले होते. त्यांचा उजवा पाय जमिनीवर नकळत पायटा मारत होता आणि डावा नुसता टेकलेला होता. काकांनी तेल सोडलं. मामांनी बाजूने हळूहळू ठोकलं. दादा मला म्हणत होते, "चल रे राजा, चल." ज्या दोघांनी मला उलटसुलट ओढून अडकवलं होतं, ते दोघे आता एकाच बाजूला उभे राहून ओढत होते. मी कर्रर्र करून ओरडलो आणि वळलो. लाल खुणेकडे गरम पाणी धावत सुटलं. मला रडू आलं. म्हणजे, जोडावर दोन थेंब गळले. मामांनी लगेच पान्याने जोड आवळला.

मोठ्या बाई खाली आल्या तेव्हा हौदाला कोमट वाफ यायला लागली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आज वळवलंत. उद्या भांडलात की काय?"

मग ताई म्हणाल्या, "बाई, तिघांचा सकाळचा चहा यापुढे इथेच होऊ दे. चहा पिता पिता ठरवतील, आज कुठल्या वेळी ऊब कुणाला. ठरलं की मिळूनच फिरवतील." बाईंनी भंगारवाल्याला पुढच्या तपासणीपर्यंत थांबायला सांगितलं. तपासणी झाली. आकडे काय आले ते मला समजत नाही, पण भंगारवाला आता फक्त रद्दी न्यायला येतो.

चहा अजून चालू आहे. पहिले काही दिवस तिघे नुसतेच घोट घेत, एकमेकांकडे न बघता. आता मामा बिस्किटं आणतात आणि दादा ती न विचारता खातात. भांडणं होतात, पण ती माझ्या दांड्यापर्यंत पोचत नाहीत. दादांनी चष्मेवाल्यांना फोन करून ते मीठ पुन्हा जागं कसं करायचं ते विचारलं. त्यासाठी दुरून माणूस बोलवावा लागला, वेळ लागला, दोनदा बिघडलं. पण गारवा आला. बघायला येणारेही पुन्हा येऊ लागले आहेत. त्यांच्या अडचणी अजून त्याच आहेत आणि त्या खऱ्या आहेत. फक्त आता त्यांना काका पहिला प्रश्न विचारतात: "तुमच्याकडे सकाळी एकत्र चहा कोण कोण पितं?" लोक बुचकळ्यात पडतात.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. भिंत गरम लागली, तर ती का गरम आहे ते विचारा. गच्चीवर गरम वारा सुटत असेल, तर तो कुठून येतो ते मोठ्या माणसाचा हात धरून शोधा. आणि काही हरवलं असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. थोडं हसतील लोक. हसू द्या.

उपदेश झाला. आता माझ्या अंगरख्याबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

परवा जिन्यावर पावलं वाजली. एक पडे, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं पडे. माझी उत्सुकता नुसती शिगेला पोचली. कठडा धरून, घामाने निथळत, शिंपीबाबा उतरत होते. लिफ्टने नाही, जिन्याने. ताई मागे दोन पायऱ्या सोडून होत्या, हात पुढे करून, पण स्पर्श न करता. खाली पोचल्यावर बाबा म्हणाले, "या पायऱ्या काय उंटासाठी बांधल्यात?" मग गळ्यातली टेप काढून त्यांनी माझं माप घेतलं. छाती, कंबर, गळे. "इतके गळे असलेलं गिऱ्हाईक पहिलंच," ते म्हणाले. चहा पिताना तिघांची बोटं माझ्यावर भाजतात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

आज तो अंगरखा आला. जाड गोधडीचा, चार बाह्यांचा, खाली नाडी. आत ऊब राहते आणि बाहेर कुणाला चटका बसत नाही. मामांनी तो मला घातला, मागे सरून पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, डाव्या बाजूची शिवण जरा वाकडी गेलीय. मशीन दुसऱ्या कुणाला चालवायला दिली होती का? उसवून सरळ करून घेऊ या."

बाबांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या मामा," ते म्हणाले. "तिथे पायटा डाव्या पायाने मारलाय."